पिवळा रंग चोळला आणि उंदराची आतडी दिसली म्हणे! कॉलेजच्या लॅबमध्ये जमेल का?

पाचपाखाडीकर | शनिवार, रात्री १०:२०

मंडळी, आमची भाची इथेच ठाण्यात एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला विषय शोधणं चाललंय. त्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ येऊन पडला. खायचा पिवळा रंग उंदराच्या पोटाला चोळायचा, की पाच-दहा मिनिटांत आतली हलणारी आतडी दिसायला लागतात. वर मथळा: ‘आता एक्स-रे विसरा!’

मी तिला म्हटलं, हाच विषय घे. रंग जांभळी नाक्यावर मिळेल, उंदीर नको असेल तर चिकन आहेच. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट चहा प्यायलो. पण डोक्यातून जात नाही. हे खरं आहे का? असेल तर होतं कसं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

थंडा_मामला | शनिवार, रात्री १०:४१

प्रकाश टाकायचाच धागा आहे हा. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

ऐरोलीचं_भिंग | शनिवार, रात्री ११:३०

बातमी खरी, मथळा थापाड्या.

सप्टेंबर २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात स्टॅनफर्डच्या गटाचं काम आलं. झिहाओ ऊ, ग्वोसाँग हाँग, मार्क ब्रोंगर्स्मा आणि सहकारी. रंग म्हणजे टार्ट्राझीन, आपल्याकडे मिठाईत आणि सरबतात पडतो तोच. जिवंत उंदराच्या पोटावरचे केस काढून द्रावण चोळलं, कातडी पारदर्शक झाली, आतड्यांची हालचाल दिसली. डोक्याच्या कातडीला लावलं तर मेंदूवरच्या रक्तवाहिन्या दिसल्या. पाण्याने धुतलं की कातडी पुन्हा होती तशी.

आता कसं ते. मांस अपारदर्शक असतं ते त्याच्या रंगामुळे, असं आपण धरून चालतो. रक्त सगळं धुऊन काढलं तरी मेंदू आरपार दिसत नाही, पांढरा ठिक्कर दिसतो. कारण पेशीतल्या पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा) १.३३, मेदाचा १.४५ च्या आसपास, प्रथिनांचा १.५ च्या वर. हे सगळं सूक्ष्म पातळीवर एकमेकांत कालवलेलं. प्रत्येक सीमेवर किरण थोडा वळतो, आणि एका मिलिमीटरात अशा सीमा असंख्य. प्रकाश आत जातो, पण वाट चुकतो. शोषला जाणं ही वेगळी भानगड. ती मुख्यतः रक्ताची आणि त्वचेतल्या मेलॅनिनची. अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर बोट ठेवा, बोट लाल दिसतं. निळा-हिरवा रक्ताने गिळला, लाल उरला. पण त्या लाल उजेडात हाड काही दिसत नाही, नुसतं उजळतं. ते न दिसणं विखुरण्यामुळे.

वड्याचा कागद आठवा. कोऱ्या कागदात तंतूंच्या मधे हवा असते. तिथे तेल शिरलं की तंतू आणि भोवतालचा अपवर्तनांक जवळ येतो आणि पलीकडची छपाई वाचता येते. कागदातून काहीच काढलेलं नसतं, फक्त फरक मिटवलेला असतो.

टार्ट्राझीन तेच करतं, पण आडवाटेने. एखादा पदार्थ निळा प्रकाश जोरात शोषत असेल, तर त्याहून लांब तरंगलांबीच्या, म्हणजे केशरी-लाल प्रकाशासाठी तो पाण्याचा अपवर्तनांक वाढवतो. शोषण आणि अपवर्तन यांची ही गाठ क्रोनिग आणि क्रेमर्स यांनी १९२६-२७ मध्येच घालून दिली होती. पाण्याचा अपवर्तनांक वर चढला, मेद-प्रथिनांच्या जवळ आला, विखुरणं कमी झालं. गणित शंभर वर्षं जुनं, पण जिवंत कातडीवर ते असं वापरायचं कुणाला सुचलं नव्हतं. मला तरी तेच भारी वाटलं.

किंमत मात्र मोजावी लागते. निळ्या प्रकाशासाठी तीच कातडी आणखी काळोखी होते. जे दिसतं ते लाल खिडकीतून.

स्लाइडवाली | रविवार, सकाळी ७:५५

भिंगकाका, मस्त समजावलंत. आता मी जरा पाणी ओतते. मी नेरुळला एका हॉस्पिटलात हिस्टोपॅथॉलॉजीची, म्हणजे ऊतींचे काप तपासायला तयार करणारी, टेक्निशियन आहे.

मामा, त्या प्रयोगातलं द्रावण ०.६ मोलारपर्यंतचं होतं. टार्ट्राझीनचा रेणुभार ५३४. म्हणजे लिटरमागे ३२० ग्रॅम रंग. खाण्यात आपल्याकडची मर्यादा साधारण किलोला १०० मिलिग्रॅम. जवळपास तीन हजार पट झालं हे. ‘खायचा रंग आहे, सुरक्षित आहे’ हे वाक्य इथेच निकालात निघतं. आणि दुकानातल्या डबीत नुसता रंग नसतो, बऱ्याचदा मीठ वगैरे भराव असतो. ती अख्खी ओतली तरी हे प्रमाण गाठणार नाही, वर मिठामुळे मांसातलं पाणी सुटेल ते वेगळंच.

प्रयोगशाळेतला शुद्ध रंग आणून चिकनच्या पातळ कापावर होतं. त्यांनीही आधी चिकनवरच बघितलं. पण जेवढं आत भिनलं तेवढंच दिसतं. माणसाची कातडी उंदराच्या मानाने बरीच जाड. त्यांनी हे माणसांवर केलं नाही आणि कुणी करू नये असं त्या संशोधकांनीच सांगितलंय. जिवंत उंदरावर करायचं तर प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते, एका वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये ती वाट बघत बसाल. शिवाय हा रंग ओटा, नखं, ॲप्रन काही सोडत नाही.

थंडा_मामला | रविवार, सकाळी ९:१२

म्हणजे एक्स-रेवाल्यांनी दुकान चालू ठेवायचं तर.

पाचपाखाडीकर | रविवार, सकाळी ९:४०

गंमत गेली की हो सगळी. मग जिवंत प्राणी सोडा, मेलेली ऊती पारदर्शक करता येते का?

स्लाइडवाली | रविवार, दुपारी १:०५

अहो, खरी गंमत तर तिथेच आहे! आणि ती २०२४ ची नाही. लाइपझिगचे शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेर्नर श्पाल्टेहोल्ट्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच अख्खे अवयव काचेसारखे करून दाखवले. १९११ च्या ड्रेस्डेनच्या आरोग्य प्रदर्शनात लोकांनी ते रांगा लावून पाहिले. पद्धत साधी: अल्कोहोलने पाणी पूर्ण काढायचं, मग त्याच्या जागी प्रथिनांच्या जवळ जाणाऱ्या अपवर्तनांकाचं द्रव भरायचं. त्यांनी वापरलेली द्रवं कोणती, तर मिथाइल सॅलिसिलेट आणि बेंझाइल बेंझोएट. पहिलं म्हणजे गंधपुऱ्याचं तेल, गुडघ्याला चोळायच्या मलमात असतं. दुसरं खरजेच्या लोशनमध्ये. दोन्ही आपल्या मेडिकलच्या फळीवर एकमेकांशेजारी असतील. अर्थात मलम फासून अवयव काचेचा होत नाही, आधी पाणी काढायलाच लागतं. गडबड होते ती बहुतेक वेळा तिथेच. पाण्याचा अंश राहिला की द्रवात टाकल्यावर ढग येतो आणि मग कितीही वाट बघा, तो जात नाही. परत अल्कोहोलकडे.

आम्ही रोज तेच करतो खरं तर. बायॉप्सीचा तुकडा अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्यांतून झायलीन नावाच्या द्रवात जातो, तिथे तो मधाळ पारदर्शक होतो. त्या पायरीला आम्ही क्लिअरिंगच म्हणतो. पण त्याच्याकडे कुणी बघत नाही, लगेच मेणात घालून चार-पाच मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप काढायला घेतो.

ऐरोलीचं_भिंग | रविवार, दुपारी ३:२०

मग शंभर वर्षं हे अडगळीत का पडलं, हा प्रश्न येतो. कारण नुसतं पारदर्शक करून भागत नाही. पूर्ण पारदर्शक झालेल्या गोष्टीत बघण्यासारखं काही उरत नाही! हवी ती गोष्ट आत चमकायला हवी, आणि नेमका त्याच पातळीवर उजेड पाडता यायला हवा.

नेहमीच्या काँफोकलने (लेझरने थराथराने बघणारा सूक्ष्मदर्शक) साध्या ऊतीत शंभर-दीडशे मायक्रॉन खोल दिसतं, त्याच्याच दोन-फोटॉनवाल्या भावंडाने फार तर मिलिमीटरभर. उंदराचा मेंदू सेंटिमीटरच्या घरातला. तेव्हा जुनी युक्ती परत आली: प्रकाशाचा पातळ पडदा बाजूने आत घालायचा आणि कॅमेरा काटकोनात लावायचा. पडदा पडला तेवढाच थर उजळतो, बाकी अंधार. झीडेनटोप्फ आणि झिगमाँडी यांनी १९०३ मध्ये काचेतले सोन्याचे कण बघायला हे केलं होतं. झिगमाँडींना पुढे रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. २००४ मध्ये हायडेलबर्गच्या हुइस्केन आणि मंडळींनी ते फ्लुओरेसन्सला (ठराविक प्रकाश पडला की चमकणाऱ्या रंगांना) जोडून जिवंत भ्रूणांवर चालवलं आणि २००७ मध्ये डोट यांच्या गटाने पारदर्शक केलेला उंदराचा अख्खा मेंदू असा पाहिला. त्याला लाइट-शीट म्हणतात.

स्लाइडवाली | रविवार, रात्री ९:३०

आणि मग लोकांची झुंबड उडाली. २०११ मध्ये जपानच्या रिकेन या संशोधन संस्थेत युरियाचं द्रावण, नाव ‘स्केल’. ऊती पारदर्शक होते, पण फुगते आणि लिबलिबीत होते. २०१३ मध्ये ‘सीडीबी’, घट्ट फ्रुक्टोजचा पाक. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या चंग आणि डायसेरॉथ यांची ‘क्लॅरिटी’. हिच्यात अपवर्तनांक जुळवण्याआधी मेदच काढून टाकतात. ऊतीत अ‍ॅक्रिलअमाइडचं जेल गोठवायचं, प्रथिनं त्याला अडकून राहतात, मग साबणासारख्या एसडीएसने मेद धुऊन काढायचा. पेशीचा मेदाचा पडदाच गेला म्हणजे अँटिबॉडीला (ठराविक प्रथिनाला चिकटणाऱ्या रेणूला) आत शिरायला मोकळं रान. पण अ‍ॅक्रिलअमाइड गोठण्याआधी चेतासंस्थेला विषारी आहे, हातमोजे आणि फ्यूम हूडशिवाय हात लावू नये. मेद काढायला विजेच्या प्रवाहाने घाई केली तर नमुना पिवळा पडतो, बुडबुडे धरतो. विजेशिवाय केलं तर आठवडे जातात. २०१४ च्या जपानी ‘क्यूबिक’मध्ये अमिनो अल्कोहोल हिमोग्लोबिनचा रंगही उतरवतं, त्यामुळे यकृत-प्लीहेसारखे रक्ताने भरलेले अवयव जमतात.

आमच्यासारख्या गरिबांसाठी माझं मत इथाइल सिनॅमेट. अपवर्तनांक १.५५ च्या वर, दालचिनीसारखा गोड वास, खाद्यस्वादात वापरतात. दुसऱ्या पद्धतींतल्या डायक्लोरोमिथेन-डायबेंझाइल इथर या द्रवांच्या धुरापेक्षा लाख पटीने बरं. एकच करायचं नाही: फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. सात-आठ अंशांच्या खाली गोठतं.

डॉक्टर_खारघर | सोमवार, सकाळी ८:१०

वाचतोय. चित्रं सुंदर असतात, वाद नाही. पण पॅथॉलॉजिस्ट म्हणून विचारतो, हे हवंय कुणाला? पाच मायक्रॉनचा काप आणि हिमॅटॉक्सिलिन-इओसिन ही जांभळ्या-गुलाबी रंगांची जोडी यावर शंभर वर्षांचं ज्ञान उभं आहे. रिपोर्ट उद्या द्यायचा असतो. त्यात नमुना आठवडाभर पाकात बुडवून ठेवा, मग शंभर-दोनशे जीबीचा डेटा सांभाळा, मग तो वाचायला माणूस शोधा. खर्च कोण करणार, पेशंट?

स्लाइडवाली | सोमवार, दुपारी २:१५

सर, तुमचा प्रश्न रास्त आहे. पण एक हिशोब मांडते. प्रोस्टेटच्या सुईच्या बायॉप्सीचा धागा असतो साधारण मिलिमीटरभर जाड. आम्ही त्यातून पाच मायक्रॉनचा काप देतो, म्हणजे जाडीचा दोनशेवा भाग. दोन-तीन पातळ्यांवरून कापले तरी तुम्ही बघता ती एक-दोन टक्के ऊती. बाकीचं मेणाच्या ब्लॉकमध्ये पडून राहतं. ग्रंथी एकमेकांना जोडलेल्या आहेत की सुट्या, हे कापात बघून तुम्ही अंदाज बांधता, पण सलग बघितलं तर ते कळतंच. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जोनाथन लियू यांच्या गटाने नेमकं यावर काम केलं: इथाइल सिनॅमेट, वरून उघडा ठेवलेला लाइट-शीट, आणि रंग असे की संगणक चित्र तुमच्या ओळखीच्या जांभळ्या-गुलाबीत दाखवतो. नमुना नंतर मेणात घालून नेहमीचे कापही काढता येतात.

डॉक्टर_खारघर | सोमवार, रात्री ११:००

ती एक-दोन टक्क्यांची गोष्ट माहीत आहे, आणि ती टोचतेही. तरी माझं म्हणणं तेच. संशोधनाला उत्तम. रोजच्या कामात, जिथे झायलीनच वेळेवर येत नाही अशा ठिकाणी, नाही. पुढच्या पिढीने बघावं.

थंडा_मामला | मंगळवार, सकाळी ७:४०

अवांतर: दक्षिण आणि मध्य अमेरिकेत काचबेडूक असतो, ग्लास फ्रॉग. झोपताना तो जवळजवळ ९० टक्के तांबड्या पेशी यकृतात दडवतो आणि पारदर्शक होतो. उठला की परत रक्त फिरवतो, गुठळ्या होत नाहीत. २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्येच आलं होतं. म्हटलं मीही एकदा कामाचं लिहावं.

समुद्रफेस | मंगळवार, रात्री १०:०५

नमस्कार. मी ती भाची. मामा, धागा काढलास ते सांगितलं नाहीस! असो, रात्रभर वाचला.

खरं तर माझ्या डोक्यात विषय आहे: निवटी मासळी. ठाणे खाडीच्या चिखलात ओहोटीला टुणटुणत असते ती. तिच्या पुढच्या पंखाच्या बुडाशी लांब हाडं असतात, त्यामुळे तो दोन ठिकाणी वाकतो आणि ती त्यावर कुबड्या घेतल्यासारखी चालते. मला ती हाडं, सांधे जागच्या जागी बघायचेत, फाडून सुटे करून नाही. हाडं लाल रंगवायला गाइड म्हणतात अ‍ॅलिझारिन कर. मला वाटत होतं लाइट-शीट मिळालं तर चेता, म्हणजे नसा, पण दिसतील. आमच्याकडे साधा फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप आहे. कुठून सुरुवात करू?

स्लाइडवाली | बुधवार, सकाळी ८:३०

समुद्रफेस, गाइड बरोबर सांगतायत. अ‍ॅलिझारिन हीच सगळ्यात जुनी आणि स्वस्त वाट. नमुना पक्का करायला फॉर्मॅलिन वापरलंस तर न्यूट्रल बफर केलेलंच. आम्लात हाडातलं कॅल्शियम विरघळतं आणि मग अ‍ॅलिझारिनला धरायला काही उरत नाही. खवले, कातडी, आतडी काढ. काळे डाग हायड्रोजन पेरॉक्साइडने उतरव, पण पेरॉक्साइड पातळ आणि नजर ठेवून. बुडबुडे स्नायूत अडकले तर पंख फाटतो. कूर्चाही हवी असेल तर ती निळी करणारा अल्शियन ब्लू आधी. मग बोरॅक्सच्या द्रावणात ट्रिप्सिन (प्रथिनं पचवणारं विकर), स्नायू अर्धपारदर्शक होईपर्यंत. नंतर पातळ पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये अ‍ॅलिझारिन, हाडं जांभळट लाल होतात. शेवटी हायड्रॉक्साइड कमी-कमी आणि ग्लिसरीन वाढवत शुद्ध ग्लिसरीनपर्यंत. बुरशी धरू नये म्हणून बाटलीत थायमॉलचा खडा. काष्ठौषधीवाल्याकडे ओव्याचं फूल मागितलंस तरी तेच. लॅबभर ओव्याचा वास येईल एवढंच.

हायड्रॉक्साइड तीव्र केलंस तर मासा बाटलीत विरघळून जाईल. घाई ट्रिप्सिनवर सोपव, क्षारावर नको.

ऐरोलीचं_भिंग | बुधवार, दुपारी १२:४५

यात एक फुकटची मेजवानी आहे. हाडात बसलेलं अ‍ॅलिझारिन हिरव्या प्रकाशात लाल चमकतं. म्हणजे तुझा साधा फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपही चालेल, आणि कुठे काँफोकलवर वेळ मिळाला तर ग्लिसरीनमधल्या पंखाचे थरावर थर घेता येतील. अपवर्तनांक १.४७ आहे, तेव्हा ग्लिसरीनला जुळवलेलं ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळचं भिंग) मिळतं का विचार. साध्या हवेतल्या ऑब्जेक्टिव्हने खोल गेलं की चित्र धूसर होतं आणि खोलीचं मापही चुकतं, सांधा खरा आहे त्याहून चपटा दिसेल. हे प्रबंधात लिहायला विसरू नकोस, बाहेरचा परीक्षक पहिलं तेच विचारेल.

अपवर्तनांक मोजायला मधाचा हाताचा रिफ्रॅक्टोमीटर घे, ५८ ते ९० ब्रिक्सवाला (ब्रिक्स म्हणजे साखरेचं माप). द्राक्षबागायतदारांकडचा ० ते ३२ वाला इथे कामाचा नाही, तो १.३९ च्या पुढे जातच नाही. आपल्या दमट हवेत ग्लिसरीन पाणी ओढतं, बाटलीचं झाकण सैल राहिलं की अपवर्तनांक घसरतो. ऑब्जेक्टिव्हवर बुरशी येते ती वेगळी, सिलिका जेल बदलत जा.

समुद्रफेस | बुधवार, रात्री ९:२०

खूप आभार. आणि चेतांचं?

स्लाइडवाली | बुधवार, रात्री १०:५०

त्यासाठी वेगळे मासे ठेव. ट्रिप्सिन दिलेल्या नमुन्यात अँटिबॉडीला धरायला प्रथिनं धड राहत नाहीत. नसांमधल्या असेटिलेटेड ट्यूब्युलिन प्रथिनाची अँटिबॉडी, आयडिस्को या अँटिबॉडी-आणि-क्लिअरिंग पद्धतीच्या धर्तीवर, शेवटी इथाइल सिनॅमेट. फक्त पंख कापून घेतलास तरच, अख्ख्या माशात अँटिबॉडी आत पोचायलाच आठवडे जातात आणि वरच्यावरच सगळी संपते. काचेच्याच बाटल्या वापर, पॉलिस्टायरीनची डिश सिनॅमेटमध्ये वितळते. लाइट-शीटसाठी गाइडच्या सहीचं पत्र आत्ताच पाठवून ठेवा, उत्तर यायला वेळ लागतो. ते आलं नाही तरी हाडांवर प्रोजेक्ट पुरतं होतं.

डॉक्टर_खारघर | गुरुवार, सकाळी ७:३०

इथाइल सिनॅमेटमध्ये चालणारं ऑब्जेक्टिव्ह आहे का ते आधी विचारून घे. साध्याचा डिंक सुटतो. भरपाईचं पत्र गाइडच्या नावाने येईल.

पाचपाखाडीकर | गुरुवार, सकाळी ८:००

भाचीचं काम मार्गी लागलं, मामाला कुणी विचारलं नाही ते सोडा. निवटी मी आणतो. कुठे मिळेल? खाडीत उतरायची माझी तयारी आहे.

खाडीकाठ | गुरुवार, सकाळी ८:४५

काका, खाडीचा बराच भाग फ्लेमिंगो अभयारण्यात येतो, उतरू नका. चिखल मांडीपर्यंत गिळतो तो वेगळा. चेंदणी कोळीवाड्यात मावश्यांना सांगून ठेवा, कुणाच्या जाळ्यात आली तर आदल्या दिवशी निरोप देतील. प्रयोगाला हवी म्हणू नका, भाव वाढेल.

स्लाइडवाली | गुरुवार, सकाळी ९:१०

मामा, छोटी आणा, बोटाएवढी. मोठीत काही भिनत नाही. बर्फात दाबलेली नको, पुढचे दोन्ही पंख शाबूत हवेत, शेपटी तुटकी चालेल. आणि मावशीला साफ करून देऊ नका म्हणून सांगा, ती पहिले पंखच उडवते.

पाचपाखाडीकर | गुरुवार, सकाळी ९:१४

साफ न करता. लिहून घेतलं.